‘क्वाइट गुड’ म्हणजे नक्की किती गुड?

१९७९ सालचा डिसेंबर. मला इंग्लंडमध्ये येऊन जेमतेम अकरा महिने झाले होते. मिडलंड्समधल्या एका इंजिनिअरिंग कचेरीत मी ड्रॉइंग बोर्डावर मान मोडून काम करत होतो. वर्षअखेरीस साहेबांनी एकेकाला खोलीत बोलावले आणि त्याच्या कामाविषयी लिहिलेला कागद वाचायला दिला. माझ्या कागदावर मुख्य वाक्य एकच होते : ‘हिज वर्क इज क्वाइट गुड.’

आमच्या सांगलीच्या शाळेत मास्तरांनी ‘क्वाइट’चा अर्थ ‘अगदी, पूर्णपणे’ असा घोकून घेतला होता. म्हणजे माझे काम अगदी उत्तम! त्या संध्याकाळी सौ.ने शिरा केला. रात्री मी घरी पत्र लिहिले. वडिलांनी ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाचून दाखवले आणि पेढे वाटले. मार्चमध्ये पगारवाढी जाहीर झाल्या, तेव्हा आमच्या विभागात सर्वांत कमी वाढ माझी होती. शेजारच्या बोर्डावर बसणाऱ्या एका वयस्क वेल्श ड्राफ्ट्समनला मी चहाच्या वेळी माझे दुःख सांगितले. त्याने कपात साखर ढवळत विचारले, “क्वाइट गुड म्हणाला? मग तू काय अपेक्षा केली होतीस? त्याला काम खरोखर आवडलं की तो ‘नॉट बॅड अ‍ॅट ऑल’ म्हणतो. क्वाइट गुड म्हणजे ठीक आहे, चालेल.”

तोवर सांगलीत पेढे खाऊन संपले होते.

तेव्हापासून मला या छोट्या शब्दांचा नाद लागला. मी भाषातज्ज्ञ नाही. पूल आणि गर्डर यांचा हिशेब करण्यात माझे आयुष्य गेले. पण ‘फार’, ‘अतिशय’, ‘अगदी’ या अर्थाचे इंग्रजी शब्द कुठे आणि कसे वापरतात याची एक वही मी आजवर ठेवली आहे. आपल्या मंडळाच्या गणपतीत गप्पा मारताना लक्षात येते की इथे तीस-चाळीस वर्षे काढलेली, अस्खलित इंग्रजी बोलणारी आपली मंडळीही नेमकी याच शब्दांवर अडखळतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

जिना आणि गच्ची

व्याकरणात या शब्दांना परिमाणवाचक क्रियाविशेषणे म्हणतात. १९८५ साली क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्टविक या चौघांनी सतराशेंहून अधिक पानांचे इंग्रजीचे व्याकरण प्रसिद्ध केले. त्यात या शब्दांची वर्गवारी सापडते. काही शब्द जोर वाढवतात, काही कमी करतात. जोर वाढवणाऱ्यांतही दोन जाती आहेत : एक नुसती वर चढवणारी, दुसरी थेट टोक गाठणारी. ‘अ‍ॅब्सोल्यूटली’, ‘कम्प्लीटली’, ‘अटर्ली’ हे टोकाचे शब्द.

हे मी स्वतःला असे समजावले. इंग्रजीतली काही विशेषणे म्हणजे जिना. ‘कोल्ड’, ‘टायर्ड’, ‘हंग्री’, ‘बिग’, ‘गुड’. थंडी कमी असते, जास्त असते, आणखी जास्त असते. पायरी पायरीने चढता येते. दुसरी काही विशेषणे म्हणजे गच्ची. ‘फ्रीझिंग’, ‘एक्झॉस्टेड’, ‘स्टार्व्हिंग’, ‘इनॉर्मस’, ‘पर्फेक्ट’. ती आधीच टोकाला पोचलेली असतात, त्यांच्यावर पायरी नाही. जिन्यावर ‘व्हेरी’ चालतो : ‘व्हेरी कोल्ड’, ‘व्हेरी टायर्ड’. गच्चीवर तो चालत नाही. ‘व्हेरी फ्रीझिंग’ किंवा ‘व्हेरी एक्झॉस्टेड’ इंग्रजी कानाला खटकते. तिथे ‘अ‍ॅब्सोल्यूटली फ्रीझिंग’, ‘कम्प्लीटली एक्झॉस्टेड’ हवे. उलट ‘अ‍ॅब्सोल्यूटली टायर्ड’ म्हणजे जिन्याच्या मधल्या पायरीवर उभे राहून गच्ची आली म्हणण्यासारखे.

गंमत अशी की ‘एक्स्ट्रीमली’ या शब्दाच्या नावातच टोक आहे, पण त्याची जागा जिन्यावर आहे. ‘एक्स्ट्रीमली टायर्ड’ बरोबर, ‘एक्स्ट्रीमली एक्झॉस्टेड’ विचित्र. संशय आला तर ‘रिअली’ वापरावा. तो जिन्यावरही चालतो, गच्चीवरही.

हे आपल्याला परके नाही. डबा ‘अगदी रिकामा’ असतो, ‘फार रिकामा’ नसतो. माणूस ‘ठार’ मरतो, ‘फार’ मरत नाही. नियम माहीत नसतानाही आपण मराठीत चुकत नाही, कारण कान तयार असतो. परक्या भाषेत कान उशिरा तयार होतो, एवढेच.

आता माझ्या ‘क्वाइट’कडे वळू. हा शब्द जिन्यावरही दिसतो आणि गच्चीवरही, पण जागेनुसार अर्थ बदलतो. गच्चीवर, म्हणजे ‘क्वाइट इम्पॉसिबल’, ‘क्वाइट राइट’ यांत, त्याचा अर्थ ‘पूर्णपणे’. हाच त्याचा जुना अर्थ. ‘मोकळे, सुटलेले’ अशा अर्थाच्या ‘क्विट’ या शब्दाशी त्याचे नाते आहे. म्हणजे आमचे मास्तर चुकले नव्हते, त्यांनी फक्त निम्माच अर्थ सांगितला होता. ब्रिटिशांच्या तोंडी तो जिन्यावर आला की ‘बऱ्यापैकी’ इतका खाली उतरतो. त्यातही आघात कुठे पडतो ते ऐकावे लागते. ‘गुड’वर जोर दिला तर थोडे कौतुक असते, ‘क्वाइट’वर जोर दिला तर पाठोपाठ ‘पण’ येणार हे समजावे. अमेरिकेत मात्र ‘क्वाइट गुड’ हे बहुधा सरळ कौतुक असते, ‘व्हेरी गुड’च्या जवळचे. अमेरिकेतल्या प्राध्यापकाने मनापासून लिहिलेले शिफारसपत्र अटलांटिक ओलांडून इकडे आले की त्यातले ‘क्वाइट’ वाटेत निम्मे विरघळते. आपली मुले आता दोन्ही किनाऱ्यांवर नोकऱ्या शोधतात. त्यांनी शिफारसपत्रात हा शब्द दिसला तर तो बदलून मागावा.

लालभडक आणि पांढराशुभ्र

दुसरी गोष्ट जोड्यांची. इंग्रजीत ‘डीपली ग्रेटफुल’ म्हणतात, पण निराशा झाली तर ‘बिटर्ली डिसअपॉइंटेड’. मतभेद असला तर ‘स्ट्राँग्ली डिसअग्री’, शिफारस करायची तर ‘हायली रेकमेंडेड’, आजारी असेल तर ‘सीरिअसली इल’. अर्थ सगळ्यांचा ‘फार’ हाच. मग प्रत्येकाला वेगळा शब्द कशाला? पहिली काही वर्षे मी यावर वैतागत असे.

एका रविवारी धाकटीला मराठी शिकवताना उत्तर सापडले. ती विचारत होती, “बाबा, लालभडक म्हणतात, मग पांढराभडक का नाही?” मी म्हणालो, “पांढराशुभ्र म्हणायचं.” “आणि काळाशुभ्र?” “नाही गं, काळाकुट्ट.” मग हिरवागार, पिवळाधमक, आंबटढाण, गोडमिट्ट, तिखटजाळ अशी वरात निघाली. प्रत्येक विशेषणाची टोकाची जोडीदारीण ठरलेली. तीही वैतागली आणि मला एकदम उमगले की आपणच या खेळातले जुने खेळाडू आहोत!

मग मी वहीत समोरासमोर दोन रकाने केले. ‘स्टोन डेफ’ म्हणजे ठार बहिरा. ‘वाइड अवेक’ म्हणजे टक्क जागा. ‘फास्ट अस्लीप’ म्हणजे गाढ झोपलेला. ‘पिच डार्क’ म्हणजे काळोख मिट्ट. ‘सोकिंग वेट’ म्हणजे ओलाचिंब. ‘ब्रँड न्यू’ म्हणजे कोरा करकरीत. यांतला एकही शब्द तर्काने बनवता येत नाही, जोडीनेच पाठ करावा लागतो. ‘स्टार्क नेकेड’मधला ‘स्टार्क’ तर अपघाताने आला आहे. मूळ शब्द ‘स्टार्ट’ होता आणि जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ शेपटी, म्हणजे शेपटीपर्यंत उघडा! पुढे शेपटीचा अर्थ लोक विसरले आणि उच्चारही बदलला.

काही शब्दांची संगतही ठरलेली असते. ‘अटर्ली’ला वाईट संगत आवडते : ‘अटर्ली रिडिक्युलस’, ‘अटर्ली होपलेस’. ‘पर्फेक्टली’ बहुधा चांगल्यांत वावरतो : ‘पर्फेक्टली सेफ’, ‘पर्फेक्टली हॅपी’. तुम्ही म्हणाल, मग अमूलचे ‘अटर्ली बटर्ली डिलिशस’? सिल्व्हेस्टर दा कुन्हा यांच्या जाहिरात संस्थेने १९६६ साली अमूलची ती मोहीम सुरू केली. माझ्या मते त्या ओळीची निम्मी गंमत यातच आहे की एरवी वाईट संगतीत असणारा शब्द लोण्यात बुडवून गोड केला आहे. नियम कुठे मोडायचा हे कळण्यासाठी आधी नियम कानात असावा लागतो.

‘फारच’ची फजिती

तिसरी गोष्ट आपल्या खास चुकीची. आमच्या शेजारच्या इंग्रज बाईंनी आम्हाला एकदा घरी केलेले ट्रायफल आणून दिले. दुसऱ्या दिवशी सौ. कुंपणापाशी त्यांना मोठ्या उत्साहाने म्हणाली, “युअर ट्रायफल वॉज टू स्वीट!” बाईंचा चेहरा उतरला. पुढे कित्येक महिने आम्हाला ट्रायफल मिळाले नाही.

दोष सौ.चा नाही, मराठीतल्या ‘फारच’चा आहे. ‘गाणं फारच छान झालं’ आणि ‘चहा फारच गोड झालाय’ या दोन्ही वाक्यांत आपण तोच शब्द वापरतो, एकात कौतुक आणि दुसऱ्यात तक्रार. इंग्रजीने ही दोन कामे वाटून दिली आहेत. कौतुकाला ‘व्हेरी’, ‘सो’, ‘रिअली’. आणि मर्यादा ओलांडली, त्यामुळे काहीतरी बिघडले, हे सांगायला ‘टू’. म्हणून ‘टू गुड’ म्हटले की ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट पाहतो : इतके चांगले की काय? खरे नसावे? ‘ओन्ली टू हॅपी’ किंवा ‘नॉट टू बॅड’ अशा काही ठरीव जागी ‘टू’ निरुपद्रवी असतो, पण त्या जागा पाठच कराव्यात.

नकार आला की घसरण आणखी वाढते. ‘आय रिअली डोन्ट लाइक इट’ म्हणजे मला ते अजिबात आवडत नाही. ‘आय डोन्ट रिअली लाइक इट’ म्हणजे मला ते तितकेसे आवडत नाही. शब्द तेच, ‘रिअली’ नकाराच्या आधी की नंतर, एवढ्यावर सारा फरक. आपण तो ‘अजिबात’ आणि ‘तितकेसे’ असे दोन वेगळे शब्द घेऊन दाखवतो, इंग्रज जागा बदलून दाखवतो. आणि ‘हार्डली’ला तर ‘हार्ड’चा भाऊ समजूच नये. नोकरीच्या मुलाखतीत ‘आय हार्डली वर्क्ड’ असे सांगणारा आपला एक उमेदवार मी स्वतः पाहिला आहे. बिचाऱ्याला ‘खूप कष्ट केले’ म्हणायचे होते. तो सांगून गेला, ‘मी काम जवळजवळ केलेच नाही.’

झिजलेली नाणी

चौथी गोष्ट अशी की हे शब्द झिजतात. ‘व्हेरी’ हा जुन्या फ्रेंचमधून आला. तिथे त्याचा अर्थ होता ‘खरा’. म्हणजे ‘व्हेरी कोल्ड’ हे मुळात आपल्या ‘खरोखर थंड’सारखे. बोलून बोलून त्यातले सत्य उडून गेले, उरला नुसता जोर. तो जोरही कमी पडू लागला, तेव्हा लोकांनी पुन्हा ‘रिअली’ आणला. त्याचा अर्थही ‘खरोखर’च! ‘टेरिबली’ आणि ‘ऑफुली’ यांत एके काळी दहशत होती. आता ‘टेरिबली काइंड ऑफ यू’ म्हणताना कुणी घाबरत नाही. पुण्या-मुंबईची मुले ‘भयंकर आवडलं’ म्हणतात, तेव्हा त्यांना तरी कुठे भय वाटत असते?

कॉर्नेलिस स्टॉफेल या डच अभ्यासकाने १९०१ साली इंग्रजीतल्या या शब्दांवर पुस्तक लिहिले होते, म्हणजे हे कुतूहल नवे नाही. इतो आणि टॅग्लियामॉन्टे यांनी यॉर्क शहरातल्या लोकांचे बोलणे तपासून २००३ साली दाखवले की वयस्कांच्या तोंडी ‘व्हेरी’ जास्त आणि तरुणांच्या तोंडी ‘रिअली’ जास्त. टॅग्लियामॉन्टे आणि रॉबर्ट्स यांनी २००५ साली ‘फ्रेंड्स’ या अमेरिकन मालिकेतले संवाद मोजले, तर तिथे ‘सो’ सर्वांच्या पुढे निघाला. माझी नात प्रत्येक वाक्यात ‘सो’ आणि ‘लिटरली’ घालते. ‘लिटरली’ म्हणजे शब्दशः. पण ‘आय लिटरली डाइड’ म्हणणारी नात समोर जिवंत उभी असते. या वापराची नोंद शब्दकोशांत पाहून २०१३ साली वर्तमानपत्रांत बराच गहजब झाला होता. मला मात्र आता राग येत नाही. ‘व्हेरी’चे जे झाले तेच ‘लिटरली’चे होत आहे.

प्रांताप्रांतांची नाणीही वेगळी. यॉर्कशरमध्ये ‘राइट गुड’ ऐकू येते, लिव्हरपूलकडे ‘डेड गुड’, अमेरिकेत बॉस्टनकडे ‘विकेड गुड’, उत्तर कॅलिफोर्नियात ‘हेला गुड’. आपल्याकडे कोल्हापूर-साताऱ्याला ‘लई भारी’, मुंबईत ‘जाम भारी’, तसेच हे. मुले शाळेतून असे शब्द घेऊन आली तर रागावू नये. ते त्या गावचे अस्सल नाणे असते. फक्त नोकरीच्या अर्जात ते चालत नाही, एवढे सांगावे.

आपण मात्र झिजलेल्या नाण्यावर उपाय म्हणून दोन नाणी देतो : ‘व्हेरी व्हेरी अर्जंट’. ‘गरम गरम चहा’, ‘लाल लाल टोमॅटो’ ही आपली द्विरुक्ती कानाला गोड, पण इंग्रजी पत्रात ‘व्हेरी व्हेरी’ आले की घाई दिसत नाही, घबराट दिसते. पत्र खरोखर तातडीचे असेल तर ‘शुक्रवारी दुपारी ३ वाजेपर्यंत उत्तर हवे’ असे लिहावे. तारखेइतके जोरदार क्रियाविशेषण नाही.

बोलणाऱ्याचे माप, ऐकणाऱ्याचे माप

इथवर सारे व्याकरण आणि सवयीचे. खरा धोका पुढे आहे. हे शब्द माप असल्यासारखे दिसतात, पण त्यांवर आकडे नसतात. बोलणारा आपल्या पट्टीने मोजतो, ऐकणारा त्याच्या पट्टीने वाचतो.

एप्रिल १९५१ मधली कोरियन युद्धातली इम्जिन नदीची लढाई इथल्या लोकांना आजही आठवते. ग्लॉस्टरशर रेजिमेंटची एक पलटण चिनी सैन्याने वेढली होती. ब्रिटिश ब्रिगेडियर टॉम ब्रोडी यांनी अमेरिकन वरिष्ठांना परिस्थिती कळवली ती ‘अ बिट स्टिकी’, म्हणजे जराशी बिकट, अशा शब्दांत. ब्रिटिश कानाला त्याचा अर्थ ‘आता धडगत नाही’. अमेरिकन कानाने ऐकले, ‘जरा अडचण आहे, पण निभेल.’ मदत वेळेवर पोचली नाही. त्या पलटणीतले थोडेच जवान निसटले, बरेचसे कैद झाले. पराभवाची कारणे आणखीही असतील, पण ‘अ बिट’ हे दोन शब्द तेव्हापासून उदाहरण होऊन बसले आहेत.

याच्या शेजारी दुसरा प्रसंग ठेवावासा वाटतो. २४ जून १९८२ च्या रात्री जावा बेटाजवळ ब्रिटिश एअरवेजचे जंबो विमान गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरले. कप्तान एरिक मूडी यांनी प्रवाशांना सांगितले की एक लहानशी अडचण आहे, आणि लगेच पुढच्या वाक्यात सांगितले की चारही इंजिने बंद पडली आहेत. पुढे इंजिने सुरू झाली आणि विमान जकार्ताला सुखरूप उतरले. अडचण ‘लहानशी’ म्हणण्याची ब्रिटिश सवय त्यांनी सोडली नाही, पण पाठोपाठ घडलेली गोष्ट आकड्यासकट सांगितली. ब्रोडींच्या निरोपात जे कमी पडले ते मूडींच्या वाक्यात होते.

हे मला इतके मनापासून का पटते, ते सांगतो.

आईचे ‘जरासं’

१९८८ च्या उन्हाळ्यात, वडील गेल्यानंतर, आई पहिल्यांदाच आमच्याकडे आली. वय अडुसष्ट. एका सकाळी पोटावर हात ठेवून म्हणाली, “अरे, जरासं दुखतंय. ओवा खाते, बरं वाटेल.” दुसऱ्या दिवशीही तेच. मी तिला आमच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी विचारले, किती दुखते? आई म्हणाली, “जरासं. सोसवतंय.” मी भाषांतर केले, ‘अ लिट्ल. शी कॅन बेअर इट.’ बाईंनी पोट दाबून पाहिले. आईने ओठ घट्ट मिटले, आवाज काढला नाही. बाईंनी पुन्हा विचारले, फार दुखते का? आई म्हणाली, “छे, फार नाही.” मी म्हणालो, ‘नॉट व्हेरी.’ माझे भाषांतर शब्दाला शब्द बरोबर होते. बाईंनी दुखणे थांबवायच्या गोळ्या दिल्या आणि वाढले तर लगेच या, असे बजावले.

त्या रात्री तिला थंडी वाजून ताप भरला. अँब्युलन्स आली. अपेंडिक्स फुटले होते. पहाटे शस्त्रक्रिया झाली. बाहेर आल्यावर सर्जन मला शांतपणे म्हणाले, “युअर मदर वॉज क्वाइट पुअर्ली.” ‘पुअर्ली’ हा इथल्या इस्पितळांतला साधा दिसणारा शब्द. घरी तो सर्दी-पडशालाही वापरतात, पण इस्पितळात ऐकू आला की खुर्चीवर बसून घ्यावे. आणि ते ‘क्वाइट’ कुठल्या जातीचे होते, हे त्या पहाटे मला कुणी समजावून सांगावे लागले नाही.

नंतरच्या दिवसांत नर्स रोज येऊन विचारायची : शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही, आज किती? मी आईला मराठीत विचारायचो. पहिल्या दिवशी तिने बराच विचार केला. “दहा म्हणजे तुझ्या बाळंतपणाच्या वेळेला. आत्ता चार.”

“आणि डॉक्टरांकडे गेलो होतो तेव्हा?”

“आठ तरी असेल.”

“मग जरासं का म्हणालीस गं?”

“परक्या बाईपुढे किती कण्हायचं रे?”

वेदना शब्दांत पकडणे डॉक्टरांनाही अवघड जाते. मॉन्ट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली वेदनेच्या शब्दांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत तीव्रतेच्या ‘माइल्ड’पासून ‘एक्स्क्रुशिएटिंग’पर्यंत पाच पायऱ्या आहेत. आकडा असो की पायरी, उपयोग असा की बोलणारा आणि ऐकणारा एकाच पट्टीवर येतात. माझ्या आईची पट्टी सोसण्याची होती, आणि मी तिचा शब्द तेवढा इंग्रजीत नेला, पट्टी मागेच राहिली. मला सांगता आले असते की तिने दोन दिवस सकाळचा चहा घेतलेला नाही, पूजेला बसली नाही, तिला सरळ उभे राहता येत नाही. हे सारे मी पाहिले होते. यांत एकही क्रियाविशेषण नाही, आणि डॉक्टरीणबाईंना ते पुरले असते.

तेव्हापासून मी एक पथ्य पाळतो. गप्पांत, पत्रांत, कौतुकात या शब्दांची हवी तेवढी मौज करावी. जोड्या पाठ कराव्यात, जिना-गच्ची सांभाळावी, इंग्रजांचे ‘नॉट बॅड’ मनात दुप्पट करून घ्यावे. पण आजार, पैसा आणि नोकरी यांचा प्रश्न असेल, तर ‘व्हेरी’ आणि ‘अ लिट्ल’ दोन्ही बाजूला ठेवून काय घडले ते सांगावे : किती दिवस, किती रक्कम, काय करता येत नाही. आपल्या घरी भारतातून वडीलधारी माणसे येतात, त्यांचे दुभाषे आपणच असतो. त्यांचे ‘जरासं’ आणि ‘बरं आहे’ इंग्रजीत नेण्याआधी एकदा त्यांच्या ताटाकडे आणि चालण्याकडे पाहावे.

आई घरी आली, त्या संध्याकाळी मी तिला विचारले, “कसं वाटतंय?”

“बरी आहे.”

आता मी शहाणा झालो होतो. म्हटले, “बरी म्हणजे किती बरी?”

ती हसली. म्हणाली, “उद्या तुला थालीपीठ लावून घालीन, एवढी.”